ओढणाऱ्याला पटेल असा लेख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: धूम्रपानाविरुद्ध तुम्ही एक मतलेख लिहिलात, आकडे तपासून घातलेत, कोणकोणते रोग होतात ते सविस्तर दिलंत. न ओढणाऱ्यांनी वाहवा केली, पण ज्यांच्यासाठी लिहिला त्या सिगारेट ओढणाऱ्यांपैकी एकानेही तो मनावर घेतला नाही. मग असे लेख लोकांना पटतात तरी कसे, आणि युक्तिवाद नेमका कुठे कमी पडतो?

वर्तमानपत्राच्या मतांच्या पानाचं संपादन मी बरीच वर्षं केलं आणि आता नव्या लेखकांना लिहायला शिकवते. धूम्रपानावरचे लेख त्या पानाकडे सतत यायचे आणि बहुतेक एकाच जागी अडायचे. ज्याबद्दल वादच नाही ते सिद्ध करण्यात त्यांची सगळी जागा जायची. सिगारेट घातक आहे हे ओढणाऱ्याला माहीत असतं. पाकिटावर छापलेलं असतं, सकाळचा खोकला आठवण करून देतो, घरचे रोज बोलतात. तुमच्या लेखाने त्याला तेच पुन्हा हजार शब्दांत सांगितलं. त्याच्या मनात चालू असलेला वाद वेगळाच आहे. ‘मला काही होणार नाही’, ‘ताण आला की दुसरं काय करू’, ‘सोडून पाहिलं, जमलं नाही’, ‘माझं आयुष्य, माझी मर्जी’. या चार वाक्यांना लेखाने हात लावला नाही, म्हणून लेखानेही त्याला हात लावला नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगते. धूम्रपानाविरुद्धचा म्हणून एकच लेख नसतो. अनेक वर्षं ओढणारा आणि सोडायची इच्छा असलेला माणूस, सोडायची अजिबात इच्छा नसलेला माणूस, अजून सुरुवात न केलेली पंधरा वर्षांची मुलगी, आणि स्वतः न ओढणारा पण कर-कायद्यांबद्दल मत बनवणारा नागरिक, या चौघांना एकच मजकूर पटत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला साठाव्या वर्षीच्या कर्करोगाची भीती घालून उपयोग होत नाही. साठ हे वय तिच्या हिशेबातच नसतं. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने १९९८ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी ‘ट्रुथ’ नावाची मोहीम काढली, तेव्हा हीच अडचण ओळखली होती. ‘ओढू नका’ असं बजावण्यापेक्षा तंबाखू कंपन्या तुमच्याच वयाच्या मुलांना गिऱ्हाईक म्हणून कशा हेरतात, हे त्यांनी दाखवलं. मुलांमधली बंडखोरी तशीच राहू दिली, फक्त तिचा रोख कंपन्यांकडे वळवला. त्यानंतरच्या काळात तिथल्या शाळकरी मुलांमधलं धूम्रपान ठळकपणे घटलं. हाच मजकूर जुन्या ओढणाऱ्याला दिला तर तो मान डोलावेल आणि पुढची सिगारेट पेटवेल, कारण कंपनीचा राग आला म्हणून निकोटिनची तल्लफ जात नाही. तेव्हा आधी एक वाचक निवडा. तुमची खंत ओढणाऱ्या प्रौढ वाचकाबद्दल आहे, म्हणून पुढचं सगळं मुख्यतः त्याच्याबद्दल लिहिते.

पुरावा मांडणं हेच मुख्य काम असण्याचाही एक काळ होता. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी, सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९५१ पासून डॉल आणि हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या धूम्रपानाची आणि मृत्यूंची दीर्घकाळ नोंद ठेवायला घेतली. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या सर्वोच्च आरोग्य-अधिकाऱ्याचा, धूम्रपानाच्या धोक्यांवरचा अहवाल आला. त्या वर्षांत ‘हे खरं आहे’ एवढं पटवणंसुद्धा सोपं नव्हतं, आणि विरोध करणारे सगळेच विकले गेलेले नव्हते की अडाणी नव्हते. रोनाल्ड फिशर हे विसाव्या शतकातले थोर संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी जाहीरपणे आक्षेप घेतला की दोन गोष्टी एकत्र आढळतात म्हणून एकीमुळे दुसरी होते असं म्हणता येत नाही. एखादा जन्मजात गुणधर्मच माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही, अशी शक्यता त्यांनी पुढे केली.

हा आक्षेप कसा परतवला गेला ते मी विद्यार्थ्यांना नेहमी तपशिलात सांगते. फिशर यांची टिंगल करून काहीच साधलं नसतं. त्यांचं म्हणणं खरं धरलं तर काय काय दिसायला हवं, असं विचारत विचारत लोक पुढे गेले. जितक्या सिगारेटी जास्त, तितका धोका जास्त. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतीने केलेल्या पाहण्यांत निष्कर्ष तोच. आणि सगळ्यात जड मुद्दा हा, की सिगारेट सोडलेल्यांचा धोका न सोडणाऱ्यांच्या मानाने हळूहळू कमी होत जातो. जन्मजात गुणधर्म काही सिगारेट सोडल्याने बदलत नाही. समोरच्याचं म्हणणं त्याच्या सर्वांत बळकट रूपात घ्यायचं, ते थोडा वेळ खरं मानायचं आणि मग ते कुठे तुटतं ते दाखवायचं, ही पद्धत तुमच्या लेखात यायला हवी.

कारण फिशर यांचा आक्षेप आजही येतो, फक्त घरगुती रूपात: ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते.’ तुमच्या लेखात या आजोबांवर एक वाक्य आहे, आणि त्यात ते ‘अपवाद’ म्हणून उडवून लावले आहेत. ओढणारा वाचक तिथेच लेख सोडतो. त्याने ते आजोबा पाहिलेले असतात. त्यापेक्षा असं लिहा: आजोबा खरे आहेत. ओढत राहणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे त्याच सवयीने मरतात, म्हणजे उरलेले निम्मे इतर कारणांनी जातात, आणि त्यांतले काही नव्वदी गाठतात. मग पुढचा प्रश्न विचारा. आजोबांच्या वयाचे, त्यांच्या शेजारी उभे राहून ओढणारे त्यांचे मित्र कुठे आहेत? नव्वदीचे आजोबा उदाहरण म्हणून सुचतात, कारण ते आपल्याला भेटले. पंचावन्नाव्या वर्षी गेलेला त्यांचा सोबती कुणाच्या नातवंडांना भेटलाच नाही, म्हणून तो कुणाला सुचत नाही. एवढं मांडलं की वाचकाला आपण खोटे पडलो असं वाटत नाही, आणि तरी त्याच्या उदाहरणातली ढाल निघून जाते. मन वळवण्यावरच्या अभ्यासांत एक गोष्ट वारंवार दिसली आहे: विरोधी मुद्दा मांडून त्याचं उत्तर देणारा मजकूर एकतर्फी मजकुरापेक्षा प्रभावी ठरतो. विरोधी मुद्दा नुसता उल्लेखून पुढे जाणारा मजकूर मात्र एकतर्फीपेक्षाही कमी पडतो. तुमच्या लेखात नेमकं तेच झालं आहे.

आता सुराबद्दल. हिणवणं हा धूम्रपानविरोधी लेखनाचा सर्वांत जुना सूर आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली होती, आणि तिच्यात ही सवय डोळ्यांना किळसवाणी, नाकाला नकोशी, मेंदूला आणि फुप्फुसांना घातक असल्याचं सांगितलं होतं. त्याच वर्षी त्याने तंबाखूवरचा आयात कर प्रचंड वाढवला. तरी तंबाखू इंग्लंडमध्ये पसरतच गेली. तुमच्या लेखात ‘घाणेरडी सवय’ तीनदा आणि ‘बेजबाबदार’ दोनदा आलं आहे. हे शब्द न ओढणाऱ्याला सुखावतात, म्हणूनच तुमची वाहवा झाली. ओढणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की हा लेख आपल्याबद्दल आहे, आपल्याशी बोलत नाही.

भीतीचा विषय याहून गुंतागुंतीचा आहे. ‘भीती घालू नये’ असं सरसकट सांगणारे पुष्कळ भेटतील. माझं तसं मत नाही. १९५३ मध्ये जॅनिस आणि फेश्बाख या मानसशास्त्रज्ञांनी दातांच्या निगेबद्दल विद्यार्थ्यांना कमी-अधिक भीतिदायक व्याख्यानं ऐकवली, आणि सगळ्यात भेसूर व्याख्यानाचा परिणाम सगळ्यात कमी झाला. नंतरच्या अभ्यासांनी हे चित्र बरंच सुधारलं. भीती काम करते, पण समोर वाट दिसत असेल तर. किम विट यांनी १९९२ मध्ये ही मांडणी नीट केली: धोका मोठा वाटला आणि आपल्याला काहीतरी करता येईल असंही वाटलं, तर माणूस धोक्याशी झुंजतो. करण्यासारखं काही दिसलं नाही, तर तो धोक्याऐवजी भीतीशी झुंजतो. म्हणजे पान उलटतो, लेखकाला अतिशयोक्ती करणारा ठरवतो, नाहीतर अस्वस्थ होऊन सिगारेट पेटवतो. तुमच्या लेखात कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसं निकामी होणं असे चार परिच्छेद ओळीने आहेत आणि वाट दाखवणारं वाक्य शेवटी एकच: ‘आजच सोडा.’

त्या चार परिच्छेदांच्या जागी मी एकच निष्कर्ष ठेवीन. ब्रिटिश डॉक्टरांच्या त्या पाहणीचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुष डॉक्टरांपैकी आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षं आधी गेले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यांतली सुमारे ३ वर्षं परत मिळवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी ६, चाळिसाव्या वर्षी ९, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी जवळपास सगळी. या एका वाक्यात धोक्याचा आकार आहे आणि सुटकेचाही. शिवाय प्रत्येक वाचक त्यात स्वतःचं वय शोधतो, हा मी प्रत्यक्ष पाहिलेला परिणाम आहे. लेख वाचून झाल्यावर लोक आकडे विसरतात, पण स्वतःच्या वयासमोरचा आकडा त्यांच्या लक्षात राहतो.

ताणाचा मुद्दा बहुतेक लेख टाळतात, आणि मला ते फार खटकतं, कारण ओढणाऱ्याच्या दृष्टीने सिगारेटचा खरा उपयोग तोच असतो. ‘सिगारेटने ताण कमी होत नाही’ असं ठोकून देऊ नका. त्याचा रोजचा अनुभव उलटा आहे. झुरका घेतला की काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं आणि त्याला खरोखर बरं वाटतं. लेखाने हे मान्य करावं आणि मग ते बरं वाटणं उलगडून दाखवावं. थोड्या वेळाने रक्तातलं निकोटिन उतरतं, चिडचिड आणि अस्वस्थता सुरू होते, आणि पुढची सिगारेट मुख्यतः तीच अस्वस्थता शमवते. दिवसभर तो आधीच्या सिगारेटने मागे ठेवलेली बेचैनी पुढच्या सिगारेटने फेडत असतो. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात धूम्रपान सोडलेल्यांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले आढळले. सोडतानाचे पहिले काही दिवस कठीण असतात, हे मात्र त्याच परिच्छेदात सांगा. ते लपवलं तर तिसऱ्याच दिवशी वाचक तुम्हाला खोटं ठरवेल.

‘माझं आयुष्य, माझी मर्जी’ हा या सगळ्यांत मला सर्वांत आदरणीय वाटणारा मुद्दा आहे. तो बालिश नाही. माणसाला कुणी त्याचं स्वातंत्र्य हिरावून घेतंय असं वाटलं की तो तीच गोष्ट अधिक घट्ट धरतो. जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये या प्रतिक्रियेचा सिद्धान्त मांडला, आणि ‘सोडलंच पाहिजे’ अशी आज्ञार्थी भाषा उलटी का पडते ते त्यातून कळतं. म्हणून हक्क मान्य करा. प्रौढ माणसाला धोका पत्करायचा अधिकार आहे, असं स्पष्ट लिहा. मग दोन प्रश्न शांतपणे ठेवा. पहिला, धूर कुठपर्यंत जातो? जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये दाखवलं की स्वतः न ओढणाऱ्या पण नवरे ओढत असलेल्या स्त्रियांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त होता. त्यांच्या अभ्यासावर तंबाखू उद्योगाने कडाडून हल्ला केला, पण पुढच्या संशोधनाने त्यांचीच बाजू भक्कम केली. दुसरा प्रश्न, ही निवड केली कुणी? रोज ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहिली सिगारेट किशोरवयात घेतलेली असते. आज जो ‘माझी मर्जी’ म्हणतो, त्याच्या वतीने तो निर्णय एका सोळा वर्षांच्या मुलाने घेतला होता, आणि निकोटिनने तो पुढे पक्का केला. स्वातंत्र्याच्या बाजूने बोलूनच या मुद्द्याला उत्तर देता येतं. त्या माणसाला पुन्हा एकदा, प्रौढ म्हणून, निवड करायला सांगा.

इथे कंपन्यांचा इतिहास कामी येतो, पण मापात. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकी तंबाखू कंपन्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन वाचकांना आश्वस्त केलं की सिगारेटमुळे कर्करोग होतो याचा पुरावा नाही, आणि आम्ही संशोधनाला मदत करू. १९६३ मध्ये त्यांतल्याच एका कंपनीच्या वकिलाने अंतर्गत टिपणात लिहिलं की आपला धंदा निकोटिन या व्यसन लावणाऱ्या द्रव्याच्या विक्रीचा आहे. १९६९ च्या दुसऱ्या एका टिपणात तर संशय हेच आपलं उत्पादन असल्याचं म्हटलं होतं. आणि १९९४ मध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर शपथेवर सांगितलं की निकोटिन व्यसन लावतं असं आम्हाला वाटत नाही. १९६३ आणि १९९४ ही दोन वर्षं शेजारी ठेवली की विशेषणांची गरज उरत नाही. हे वाचून ओढणाऱ्याची लाज थोडी हलकी होते: आपण कमकुवत म्हणून अडकलो असं नाही, आपल्याला अडकवण्यावर पुष्कळ हुशार लोकांनी विचार केला होता. पण याच्यावर अर्धा लेख खर्चू नका. वाचकाला नुसता बळी ठरवलं तर सोडण्याची ताकद आपल्यात आहे हा विश्वासही त्याच्याकडून काढून घेतला जातो, आणि लेखाला तर तोच विश्वास हवा आहे.

मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवून गेलेली गोष्ट २०१२ मधली आहे. थायलंडच्या आरोग्य प्रतिष्ठानाने एक छोटी चित्रफीत केली. लहान मुलं हातात सिगारेट घेऊन रस्त्यावर ओढत उभ्या असलेल्या मोठ्यांकडे जातात आणि काडी मागतात. मोठी माणसं नकार देतात आणि मुलांना समजावतात की सिगारेट वाईट, आजार होतात, मरण येतं. मग मूल त्यांच्या हातात एक चिठ्ठी देतं: तुम्हाला माझी काळजी वाटते, मग स्वतःची का नाही? त्या मोठ्यांना एकही नवी माहिती कुणी दिली नव्हती. सगळे मुद्दे त्यांच्याचकडे होते. ते त्यांच्या तोंडून बाहेर यायला एक निमित्त लागलं. हे आधीही दिसलं होतं. १९६५ मध्ये जॅनिस आणि मॅन यांनी ओढणाऱ्या तरुणींना फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या रुग्णाची भूमिका करायला लावली, आणि ज्यांनी त्याच प्रसंगाचं नुसतं ध्वनिमुद्रण ऐकलं त्यांच्यापेक्षा भूमिका करणाऱ्यांचं ओढणं जास्त घटलं. दुसऱ्याने दिलेल्या कारणापेक्षा आपण स्वतः उच्चारलेलं कारण आपल्याला जास्त बांधून घेतं.

लेखात हे कसं आणायचं? तुमचं एक वाक्य घेते: ‘धूम्रपान करणारे पालक मुलांसमोर चुकीचा आदर्श ठेवतात.’ वाक्य खरं आहे, पण निकाल तुम्ही दिलात आणि वाचक आरोपी झाला. त्याजागी असं लिहिता येईल: ‘उद्या तुमच्या मुलाने तुमच्याकडे पहिली सिगारेट मागितली, तर तुम्ही त्याला काय सांगाल?’ आणि परिच्छेद तिथेच थांबवा. उत्तर लिहू नका. नव्या लेखकांना ही रिकामी जागा सोडवत नाही, उत्तर लिहून टाकायचा मोह होतो. पण वाचकाचं स्वतःचं उत्तर त्याच जागेत तयार होतं, आणि ते तुमच्या उत्तरापेक्षा जास्त टिकतं. असे प्रश्न लेखात दोनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर उलटतपासणी चालू आहे असं वाटायला लागतं.

आकड्यांबद्दल थोडंच सांगते. तंबाखूमुळे जगात दर वर्षी ७० लाखांहून अधिक माणसं मरतात, हा आकडा धोरणावरच्या लेखात हवा. ओढणाऱ्याशी बोलताना तो फार दूरचा ठरतो. धुरात ७ हजारांहून अधिक रसायनं असतात, हे वाक्यही तसंच, वाचून डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. आणि ‘एक सिगारेट आयुष्याची ११ मिनिटं कमी करते’ हे तुम्ही घड्याळासारखं वापरलं आहे. तो पुरुषांच्या आयुर्मानावरून २००० साली काढलेला सरासरीचा हिशेब होता. सरासरी म्हणून लिहिलात तर ठीक. एखादा आकडा ताणलेला सापडला, तर त्यानंतरच्या सगळ्या खऱ्या आकड्यांवरचाही वाचकाचा विश्वास उडतो. तुमच्या वाचकाला तर लेख बाजूला ठेवायला कारण हवंच असतं.

राहिली तुमची ‘आजच सोडा’ ही ओळ. वाचकाकडून नेमकी कोणती कृती हवी, ते इतकं बारीक करून सांगा की ती आज रात्री करता येईल: एक तारीख ठरवणं, ती एका माणसाला सांगणं, डॉक्टरांना निकोटिनच्या पट्ट्या, च्युइंगगम किंवा औषधांबद्दल विचारणं. औषध आणि समुपदेशन यांची जोड मिळाली तर सोडण्याची शक्यता नुसत्या निर्धारापेक्षा वाढते, हे पक्कं माहीत असलेलं आहे, तरीही फार थोड्या लेखांत ते असतं. बहुतेकांना पहिल्या प्रयत्नात जमत नाही आणि अनेक प्रयत्नांनंतर जमतं, हेही लिहा. ‘सोडून पाहिलं, जमलं नाही’ म्हणणाऱ्या वाचकासाठी संपूर्ण लेखात हीच ओळ सर्वांत मोलाची असते. तल्लफ बहुधा काही मिनिटांत ओसरते आणि शारीरिक त्रास सहसा दोन ते चार आठवड्यांत निवळतो, एवढी माहितीही त्याला द्या. हे सगळं लेखाच्या तळाशी चौकटीत टाकू नका. ओढणारा वाचक तिथपर्यंत पोहोचेलच असं नाही. धोक्याचा परिच्छेद संपतो तिथेच, त्याला लागून, हा मजकूर ठेवा.